उजवा कौल

“देवाक विचारल्याबिगर मी खंयच जावचंय नाय,” सासूबाई म्हणाल्या आणि पेजेची वाटी पुढ्यातून सरकवली.

पडवीत आरोग्य केंद्राच्या नर्सबाई वही उघडून बसल्या होत्या. तालुक्याच्या हायस्कुलात नेत्रशिबीर भरणार होतं, गुरुवारी ऑपरेशनं. तीस जणांची सोय होती आणि सत्तावीस नावं होऊन गेली होती. त्या दिवशी सोमवार. संध्याकाळच्या एस.टी.नं ती वही तालुक्याला जायची होती.

“काकी, मोतीबिंदू पार पिकलाय,” नर्सबाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी शिबीर होईल न होईल. आणि झालं तरी तोवर तुमच्या डोळ्यात काही शिल्लक राहायला हवं ना?”

“तुमी सांगतास ता खरा आसा. पण माका डोळो एकच आसा मां? दोन असते तर एक तुमका देवन टाकलो असतो.”

खरंच होतं ते. त्यांचा एक डोळा फार पूर्वीच गेलेला. भात झोडताना कुसळ गेलं, कुणीतरी कसल्याशा पाल्याचा रस पिळायला सांगितला, आणि तो डोळा कायमचा पांढरा झाला. उरलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू. ऑपरेशन बिघडलं तर काळोख, आणि नाही केलं तर तोच काळोख, जरा सावकाश. सासूबाईंना उजेड कळायचा, समोरून सावली हलली तर कळायचं. ती सावली कुणाची, हे कळायचं नाही. मी लग्न होऊन त्या घरात आल्याला आठ महिने झाले होते आणि त्यांनी माझं तोंड अजून बघितलं नव्हतं.

मी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होते. बोलत नव्हते.

हे आमच्या घरात आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. माझा नातू म्हणतो, आजी फोनवर बोलते तेव्हा फोनची गरजच नसते, पलीकडच्याला तसंच ऐकू जातं. पण त्या वर्षी, त्र्याऐंशी साली, माझ्या तोंडाला खीळ बसली होती. मी कोरेगावच्या बाजूची. आमचे हे, गुरुनाथ परब, वीज मंडळात वायरमन. बदलीवर आमच्याकडं होते, तिथंच लग्न जमलं, आणि हळद निघायच्या आत त्यांची बदली परत कोकणात झाली. ते देवगडला खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीपुरते घरी यायचे. हुंबरण्याच्या घरात सासूबाई आणि मी, दोघीच.

गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात दारात मासेवाली आली. मी जन्मात बांगडा हातात घेतला नव्हता. मी आपलं सरळ मनानं म्हटलं, “मावशे, ह्यातली हाडं तेवढी काढून दे की!”

झालं. मासेवालीनं पाटी खाली ठेवली ती हसायलाच. दुसऱ्या दिवशी विहिरीवर, तिसऱ्या दिवशी गिरणीत, आठवड्यानं बाजारात. मी दिसले की कुणीतरी म्हणायचंच, “काय गो घाटीण, हाडां काढलंस काय?” माझं बोलणं ऐकायला बायका मुद्दाम थांबायच्या. ‘आवो’ म्हटलं तरी हसायच्या, ‘व्हय जी’ म्हटलं तरी हसायच्या. मग मी ठरवलं, बोलायचंच नाही. वाढलंय. पाणी तापलंय. हो. नाही. एवढ्या शिदोरीवर मी आठ महिने काढले.

सासूबाई कधी हसल्या नाहीत, हे मात्र सांगायला हवं. त्या विचारायच्या, “माहेराक आठवण काढतत मां तुझी?” मी म्हणायचे, “हो.” आणि उठून भांडी घासायला जायचे.

“मग विचारा देवाला,” नर्सबाई वही मिटत म्हणाल्या. “पण आजच. पाचच्या गाडीला मी थांब्यावर असते.”

तर दुपारचं जेवण झाल्यावर मी सासूबाईंचा हात धरून निघाले. वाट शेताच्या बांधावरनं. त्या पायानं चाचपत चालायच्या आणि मधेच थांबून सांगायच्या, कौल कसा घ्यायचा ते. आमच्याकडं शकुन म्हणजे मांजर आडवं जाणं, पाल चुकचुकणं, भरली घागर समोरून येणं. देवाला तोंडावर प्रश्न विचारायचा आणि त्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं, हे मला नवीन होतं.

“तातू गुरव देवाच्या दोन खांद्यार दोन पाकळ्यो लावता, पाणयात भिजवन. मगे गाऱ्हाणा घालता. उजवी पडली तर व्हय. डावी पडली तर नाय. माका काय दिसाचा नाय. तू बघ आणि माका सांग.”

“हो,” मी म्हटलं.

देवळात तातू गुरव एकटेच होते. साठीच्या पुढचे, काटकुळे, कमरेला पंचा आणि गालात कायम पानाचा तोबरा. सासूबाईंना बघून त्यांनी विचारलं, “काय वैनी, आज खंय वाट चुकलंस?”

“डोळ्याचा विचारूचा आसा रे तातू. कापूक देव की नको?”

गुरवांनी मान हलवली. तोबरा थुंकून, चूळ भरून आले. रवळनाथाची मूर्ती काळ्या दगडाची, उभी, पुरुषभर उंचीची, आमच्याकडं रोखून बघणारी. गुरवांनी दोन पाकळ्या तांब्यात बुडवल्या आणि दोन्ही खांद्यांवर एक एक चिकटवली. आम्ही दोघी समोर उभ्या राहिलो. सासूबाईंनी माझा हात सोडला नव्हता.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!” गुरवांचा आवाज एकदम बदलला, मोठा झाला. “आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” सासूबाई म्हणाल्या. मीही पुटपुटले.

“तेका एकच डोळो आसा, तो डाक्तरच्या हातात देवचो आसा, म्हाराजा. बरा होवचा असात तर उजवो दे. होवचा नसात तर डावो दे. काय ता तू सांग, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग आम्ही वाट बघत राहिलो. किती वेळ, कुणास ठाऊक. एक पाकळी जराशी घसरली आणि अडकली. दुसरी तशीच होती. माझ्या मनात आलं, ह्या बाईनं सबंध आयुष्य एका डोळ्यावर काढलं, आता तोही अर्धा गेला, आणि सगळं ह्या बोटभर पाकळीवर येऊन थांबलंय. मी देवाला मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, हो म्हण. तुझं काय जातंय? हो म्हण.

आणि पाकळी पडली. माझ्या उजव्या हाताच्या बाजूची.

“उजवा!” मी ओरडले. “आई, उजवा पडला! आवो, द्येव व्हय म्हणतोय की! पडला, पडला, उजवा पडला!”

देवळातली कबुतरं उडाली. आठ महिन्यांचं कोंडलेलं सगळं एका दमात बाहेर आलं, आणि तेही अस्सल आमच्याकडच्या बोलीत. मी स्वतःच दचकले.

गुरव खाकरले. मला वाटलं, पानाचा ठसका.

सासूबाईंनी तोंड देवाकडं नाही, माझ्याकडं वळवलं होतं. कुठं बघायचं ते कळत नसल्यामुळं त्या माझ्या कानाकडं बघत होत्या.

“उजवो?” त्यांनी विचारलं.

“व्हय तर! माझ्या डोळ्यांनी बघितला.”

“नक्की?”

“तुमच्या पायाची आण, आई. उजव्या अंगाचीच पडली.”

त्यांनी थोडा वेळ माझा हात नुसता दाबून धरला. मग म्हणाल्या, “मगे चल. नर्सबायची गाडी चुकात.”

पाचच्या गाडीच्या आधी वहीत अठ्ठाविसावं नाव लागलं, सत्यभामा परब.

गुरुवारी ऑपरेशन झालं. हायस्कुलाच्या मोठ्या वर्गात बाकं हलवून ओळीनं खाटा टाकल्या होत्या. सगळ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. डॉक्टर घाटावरचेच होते, त्यांचं बोलणं ऐकून मला माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. त्यांनी सगळ्या नातेवाईकांना उभं करून दम दिला. “आठवडाभर पेशंटनं वाकायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. डोळ्यावर ताण आला, टाका हलला, तर मला बोलवू नका. मी तेव्हा काही करू शकणार नाही.”

मी खाटेच्या पायथ्याशी चटई टाकली. सासूबाई उताण्या पडून होत्या. पहिल्याच दुपारी म्हणाल्या, “काय तरी सांग गो. उताणी पडान कंटाळो इलो.”

“काय सांगू?”

“तुमच्या घाटावरचा सांग. देवळात बोललंस तसा बोल.”

मग काय, पाट फुटावा तसं झालं. मी आमच्या खिलारी बैलाचं सांगितलं, तो पाहुणे आले की गोठ्यातून हंबरायचा ते. आमच्या आत्याचं सांगितलं, जी नवऱ्यावर रुसून विहिरीवर जाऊन बसायची आणि जाताना जेवण बांधून न्यायची. बांगड्याच्या हाडांचं पण सांगितलं, सगळं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. “हसवू नको गो, टाको जायत!” शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणायच्या, “घाटीण, वायच मोठ्यान बोल. हय आयकाक येना नाय.” तीन दिवस मी त्या वर्गाचा रेडिओ झाले होते. इतकी सुखात मी त्या गावी त्याआधी कधी नव्हते.

रविवारी हे आले. त्यांना आईपाशी बसवून मी धुतलेली लुगडी आणायला हुंबरण्याला गेले. म्हटलं, जाता जाता देवाला नारळ द्यावा. त्यानं हो म्हटलं म्हणून तर हे झालं.

देवळात गुरवांच्या समोर खालच्या वाडीतली एक बाई उभी होती. तिची म्हैस चार दिवस सापडत नव्हती. मी नारळ घेऊन बाजूला थांबले. पाकळ्या लागल्या, गाऱ्हाणं झालं, आणि पाकळी पडली. तशीच, माझ्या उजव्या हाताची.

मी खुशीत म्हणणार, सापडली बघा तुमची म्हैस! एवढ्यात गुरव खाकरले आणि ती बाई मट्कन खाली बसली.

“गेली माझी म्हस. डावो दिल्यान.”

“डावा कुठला?” मी म्हटलं. “उजवी पाकळी पडली की!”

तिनं माझ्याकडं बघितलं, अडाण्याकडं बघावं तसं. “देवाचो डावो गो बाय! देव आपल्याकडे तोंड करून उभो आसा. तेचो उजवो हात तो तुझ्या डाव्या अंगाक.”

मी मूर्तीकडं बघितलं. तलवार धरलेला हात. तो देवाचा उजवा हात होता, आणि तो माझ्या डावीकडं होता. इतकी साधी गोष्ट. शाळेत समोर तोंड करून कवायत शिकवणाऱ्या मास्तरांचा हात उलटा असतो हे चौथीतल्या पोराला कळतं. मला कळलं नव्हतं.

ती बाई गेल्यावर मी गुरवांना विचारलं, “गुरवकाका, सोमवारी आमच्या आईंची पाकळी...”

“ह्याच अंगाची पडली,” ते म्हणाले.

“म्हणजे देवानं नाही म्हटलं होतं?”

“डावो दिल्यान.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“माका कोणी विचारल्यान? वैनीन तुका विचारल्यान.”

“अहो म्हणून काय गप्प बसायचं? माणसाच्या डोळ्याचा प्रश्न होता!”

गुरव जराही रागावले नाहीत. “देवान काय दिल्यान ता मी बघलंय. तू काय सांगलंस ता मी आयकलंय. तेच्या मधी बोलूचा काम गुरवाचा न्हय.” मग माझ्या हाताकडं बोट करून त्यांनी विचारलं, “ह्यो नारळ वाढवू काय?”

मी नारळ त्यांच्या हातात दिला आणि पळत सुटले. उचलली जीभ लावली टाळ्याला! देवानं नको म्हणून सांगितलं, आणि मी शहाणी, पायाची आण घेऊन सांगितलं की हो म्हणतोय. आता डोळा गेला तर? डॉक्टरांनी नाही, देवानं नाही, मी घालवला असता तो. आठ महिने गप्प राहिले, आणि तोंड उघडलं ते हे सांगायला. आणि वर त्या बाईला मी तीन दिवस हसवत होते, टाका हलेल असं ती सांगत असताना.

शाळेत परत आल्यावर यांना नळापाशी बोलावून सगळं सांगितलं. यांनी वाहता नळ बंद केला. मग म्हणाले, “तू गप होतीस तीच बरी होतीस, शालन.”

मी लुगड्यांचं गाठोडं उचललं.

“आवशीक सांगू नको,” ते म्हणाले. “रडली तर उरलासुरला पण जायत.”

तेच तर होतं. सांगावं तर ती रडणार, रडली तर डोळा जाणार. न सांगावं तर मी तिच्या पायाशी बसून तिला फसवत होते. मी खाटेपाशी गेले, लुगडी ठेवली, आणि पुन्हा पहिल्यासारखी झाले. पाणी देऊ का. हो. नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सासूबाईंनी विचारलं, “काय गो, तोंडात मूग भरलंस काय?”

“नाही.”

“मगे तुझ्या त्या आतयेचा पुढे काय झाला? परत घराक इली काय?”

“आली.”

त्यांनी पट्टीखालचं तोंड माझ्याकडं केलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मी पदर तोंडात कोंबून बसले होते, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून. हात पुढं करून चाचपत त्यांनी माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवून दिला. मला ते जास्तच लागलं. वाटलं, ह्या हाताला खरं कळलं तर हाच हात मला घराबाहेर काढील.

गुरुवारी सकाळी पट्ट्या सुटणार होत्या. हे रजा टाकून थांबले होते. डॉक्टर एकेका खाटेपाशी यायचे, पट्टी सोडायचे, डोळा पुसायचे, एक जाड भिंग डोळ्यासमोर धरून विचारायचे, किती बोटं? आमच्या ओळीत सासूबाई पाचव्या. पहिल्या चौघींना दिसलं तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली. चौघींचं नीट झालं, म्हणजे ज्याचं बिघडायचं ते आता बिघडणार, असं काहीतरी माझं खुळं गणित.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. डोळा लाल होता, पाण्यानं भरलेला. सासूबाईंनी तो उघडला, मिटला, परत उघडला. मी यांचा सदरा मागून मुठीत धरला होता.

“आजी, किती बोटं?”

सासूबाईंनी भिंगाकडं मान पुढं केली.

“तीन,” त्या म्हणाल्या.

“आणि आता?”

“आता बोटां खंय? मूठ आसा ती.”

सगळा वर्ग हसला. डॉक्टरसुद्धा. मी मात्र खाली बसले आणि इतक्या मोठ्यानं रडले की डॉक्टर म्हणाले, “रडायची बंदी पेशंटला होती. तुम्ही रडा हवं तेवढं.” माझा जीव भांड्यात पडला होता, त्याचा आवाज त्या सगळ्या वर्गानं ऐकला.

“माझी सून खंय आसा?” सासूबाई विचारत होत्या. “तेका पुढे हाडा.”

यांनी मला दंडाला धरून उठवलं. डॉक्टरांनी भिंग धरलंच होतं. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रडून सुजलेलं नाक, विस्कटलेले केस, आठवडाभर चटईवर झोपलेली मी.

“हीच काय?” त्या म्हणाल्या. मग यांच्याकडं वळून, “गुरग्या, गोरी आसा म्हणान सांगलंस मां तू माका?”

चष्मा दीड महिन्यानं आला. जाड, बाटलीच्या बुडासारखा. तो लावल्यावर सासूबाईंचा एक डोळा एवढा मोठा दिसायचा की बघणाऱ्याला उगाच आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. मला तर वाटायचंच. दीड महिना मी बोलत होते, हसत होते, पण तो डोळा माझ्यावर आला की माझी जीभ जड व्हायची. चष्मा आला त्याच दिवशी त्या म्हणाल्या, “चल, देवाक जावन येवया.”

ह्या वेळी त्या पुढं आणि मी मागं. बांधावरनं ताठ चालल्या होत्या. वाटेत प्रत्येक झाडाचं नाव घेत होत्या, ह्यो रतांबो, ह्यो आंबो, ह्यो कोणी तोडल्यान? देवळाच्या पायऱ्यांशी आलो आणि मला पुढं पाऊल टाकवेना. त्या आत जाऊन देवाचे आभार मानणार, आणि देव मनात म्हणणार, मी कधी हो म्हटलं होतं?

“आई, थांबा,” मी म्हटलं. “आत जायच्या आधी मला सांगायचंय.”

“सांग.”

“तो कौल उजवा नव्हता. डावा होता. मला देवाची बाजू ठाऊक नव्हती, मी माझ्या हातानं बघितलं. देवानं नको म्हटलं होतं आणि मी तुम्हाला हो सांगितलं. तुमच्या पायाची आण घेऊन सांगितलं. मला त्या रविवारी कळलं. तुम्ही रडाल म्हणून सांगितलं नाही, आणि मग... मग भीती वाटली म्हणून सांगितलं नाही.”

मी खाली मान घालून उभी होते. सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“माका ठाव हुता,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“डावो पडलो ता.”

“कसं? तुम्हाला दिसत तर नव्हतं!”

“तातू खाकारलो मां. गो, बारीक हुतंय तेव्हापासून हय कौल बघतंय. उजवो पडलो काय तातू घंटा मारता. डावो पडलो काय खाकारता. तेचो बापूस पण तसोच करी. डोळे नव्हते, कान हुते मां माझे?”

दीड महिना मी ज्या ओझ्याखाली वाकले होते ते त्यांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. मला हसू येत होतं का रडू, मलाच कळेना.

“मग तुम्ही गेलात कशाला ऑपरेशनला?”

त्या पायऱ्या चढायला लागल्या होत्या. “ता मगे सांगतंय. पयला देवाक विचारूया, रागावलो काय तो.”

आत गुरवांनी त्यांच्या चष्म्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता पाकळ्या भिजवल्या. ह्या वेळचं गाऱ्हाणं सासूबाईंनीच सांगितलं आणि गुरवांनी मोठ्यानं घातलं.

“बा देवा म्हाराजा! तू डावो दिलंस, तरी ह्या लेकरान डोळो कापून घेतल्यान. चुकला माकला असात. तू रागावलो असशीत तर उजवो दे. रागावलो नसशीत तर डावो दे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही दोघी ओरडलो.

मी देवाकडं बघितलंच नाही. मी गुरवांकडं बघत राहिले. पाकळी पडली, तसं त्यांनी सवयीनं खाकरायला तोंड उघडलं. मग ते तसेच थांबले, काहीतरी आठवल्यासारखे. आणि हात वर करून त्यांनी घंटा मारली. चांगली सणसणीत मारली. डाव्या कौलाला वाजलेली घंटा मी त्यानंतर कधी ऐकली नाही.

परतताना बांधावर सासूबाई थांबल्या. मी पुन्हा विचारलं नव्हतं, त्यांनीच काढलं.

“आठ म्हयने तू घरात हुतंस. माका तुझा तोंड दिसा नाय, तुझो आवाज येय नाय. एक सावली येय, पेज ठेवी, आणि जाय. सून इली की सावली इली ताच माका कळा नाय. आणि त्या दिवशी देवळात तू अशी आरडलंस गो! कबुतरां उडाली. माझ्या डोळ्यासाठी इतक्या खुशीन आजपर्यंत कोण आरडला नाय. म्हटला, देव नाय म्हणता तर म्हणांदे. ही जी कोण आरडता, तिचा तोंड माका एकदा बघूक होया.”

मी तिथंच बांधावर त्यांना मिठी मारली. दोघी शेतात पडता पडता वाचलो.

त्यानंतर सासूबाई एकवीस वर्षं जगल्या. तेवढी सगळी वर्षं मी बोलत होते. शेवटी शेवटी त्या खाटेवर पडून हात जोडायच्या, “वायच गप रव गो बाय, देवाच्यान!”

मी म्हणायचे, “आता कशाला? त्या दिवशी देवाचं ऐकलं असतंत तर राहिले असते गप्प.”